वहीत नसलेला खिळा

मी एसटीत कंडक्टर हाय. भरल्या गाडीत कोणी मोठं पोरगं मांडीवर घेऊन लहान करून दाखवलं तरी मले पाठमोऱ्यानं समजते. पण माह्याच घरात, माह्याच भिंतीत काय चालू हाय हे मले तीन हप्ते समजलं नाही. सरळ सांगतो, त्या तीन हप्त्यात मी जळलो. बायकोसंग दिवसभर बोलणाऱ्या एका माणसावर जळलो, अन् असा जळलो का डेपोतले लोक विचारे, तब्येत बरी नाही का भाऊ.

आधी खिळ्याचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. माह्या हाताले एक खोड हाय. काही टांगाचं झालं का मी खिळा ठोकतो. जुना खिळा हाय का, बाजूले खुंटी हाय का, हे पाहाचं नाही. हातोडा घ्याचा अन् हाणाचा. तिकिटाची बॅग, छत्री, कॅलेंडर, बाबांचा फोटो, खाकी शर्ट, सगळ्याले आपापला खिळा. कळंबात आमचं तीन खोल्याचं घर, लग्न झालं त्या साली बांधलेलं. बावीस वर्सात भिंतीची काय गत झाली असन तुम्हीच पाहा. बायको म्हणे, "हे घर हाय का सायाळ? जिकडं हात लावावं तिकडं टोचते."

मागच्या उन्हाळ्यात ती मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी करत होती. फरशी ओली, पाय उघडे. मिक्सरले हात लावला अन् ती भेलकांडत मागच्या भिंतीवर आदळली. चटणी छताले. नशीब, का हात सुटला. मी वायरी पाह्यल्या, लाकडी पट्टीवरच्या त्या जुन्या वायरीचं वरचं रबर पापडासारखं तडकून राह्यलं होतं. मी म्हटलं, "टेप गुंडाळून देतो."

"टेप तुमच्या तोंडाले गुंडाळा," ती म्हणे. "साऱ्या घराची फिटिंग नवी कराची. भिंतीतून. अन् तुमी हात लावाचा नाही."

तिनं तिथंच तिच्या माहेरी फोन लावला. राळेगावच्या बाजूचं खेडं हाय तिचं. तिच्या वर्गातला एक जण वायरमन होता, यवतमाळले मोठमोठ्या घराचे कामं करे. तिसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवर पाइपाचा भारा बांधून दारात हजर.

दिसाले काही राजकुमार नव्हता. बारीक अंग, मिशीत पांढरं, कानावर पेन्सिल. मले "राम राम जवाईबापू" म्हटलं, तिथपर्यंत ठीक होतं. मंग तो माह्या बायकोकडं वळला अन् म्हणे, "सांग, तुले कुठी काय पाहिजे?"

तू! माह्या घरात, माह्यासमोर, माह्या बायकोले तू! अन् तिले त्याचं काहीच नाही. ती म्हणे, "तूच पाय ना, तुले जास्त समजते." बावीस वर्स झाले, मले ती तुमी म्हणते. मी कधी म्हटलं नाही का तू म्हण, पण त्या दिवशी मले वाटलं का ह्या दोघाईच्या 'तू'मध्ये जे हाय ते माह्या 'तुमी'त नाही. एकदा असं वाटलं ना बाप्पा, का मंग माणसाले साधं पाणीही घशाखाली जात नाही. तिच्या मनात आपली जागा किती, एवढंच मले पाहाचं होतं. पण ते विचाराची हिंमत नव्हती, म्हणून मी त्याच्या कामाकडं पाहून राह्यलो.

रात्रीच्या जेवणाले मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "लय ओळख दिसते?"

"शाळेत एका वर्गात होतो. शाळा चार किलोमीटर. एकदा माहा पाय मुरगळला, तवा आठ दिवस त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून गेलती मी."

आठ दिवस! मी भाकर मोडली ती मोडलीच, खाल्ली नाही. ते आठ दिवस मले राळेगावच्या फेरीत रोज दिसत. कपाशीच्या वावरामधून कोणी पोरगं सायकल हाणत चाललं का मी मागच्या कॅरिअरवर कोण हाय ते पाहो. ड्रायव्हर म्हणे, घंटी मार ना बे, गाडी उभी हाय.

काम सुरू झालं. आधी त्यानं दोन दिवस भिंतीले हातच लावला नाही, नुसत्या पेन्सिलीनं रेघा मारल्या. सरळ उभ्या, सरळ आडव्या. मंग मशिनीनं त्या रेघेवर झिरी पाडली, झिरीत पाइप बसवला, अन् वायर त्या पाइपातून ओढाची. घरात सिमेटाची धूळ, अन् त्या धुळीत ही त्याच्यामागं मोजपट्टी धरून उभी. मी ड्युटीवरून यावं तर मले पाण्याचा गिलास कोण देते? स्वतःच माठातून घ्याचा. अन् एका बुधवारी घरात बेसनाच्या पातोडीची रस्साभाजी! साध्या बुधवारी! मले पातोडी पोळ्याले भेटते, नाहीतर पाहुणे आले तर. "तो सकाउनचा उपाशी होता," ती म्हणे. मी चार वाजता उठून पहिली गाडी नेतो, मी काय जेवून जातो का?

अन् रोज ताटावर त्याचं पुराण. तो म्हणे, बोर्डापासून पाइप नेहमी सरळ वर न्याचा, तिरपा कधीच नाही. तो म्हणे, सरळ नेला का उद्या कोणीही बोर्ड पाहून ओळखन का वायर कुठून गेली, तिरपा नेला तर देवालेही समजणार नाही. तो म्हणे, भिंतीच्या दोन्ही बाजूनं एकाच जागी झिरी पाडाची नाही, भिंत लुळी होते. तो म्हणे, बोर्डाच्या डोक्यावर खिळा कधीच ठोकाचा नाही. तो म्हणे, तो म्हणे, तो म्हणे! मी जेवताना कान बंद करून घेतले. खरंच सांगतो, 'तो म्हणे' आलं का मले पुढचं ऐकूच येत नव्हतं. तिनं जीव वाचवाची गोष्ट सांगावी अन् मी भाजीतलं मीठ मोजत बसावं.

मंग मी त्याची चूक शोधाले लागलो. सुट्टीच्या दिवशी तो यायच्या आधी उठलो, गवंड्याचा ओळंबा आणला शेजारून, अन् एकेक झिरी पाह्यली. एखादी तरी वाकडी निघन. एक नाही निघाली. पाइपाचा वाक जिथं होता तिथंही गोल, मोडलेला नाही. स्वयंपाकघरात नळाच्या पाइपापासून चांगला हातभर दूर. चूक सापडली असती तर मले त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या असत्या. ओळंबा घेऊन उभा होतो अन् मागून ती म्हणे, "काय करून राह्यले?" मी म्हटलं, "काही नाही, धूळ पाह्यतो."

एका दिवशी तर हद्द झाली. दुपारच्याले घरी आलो, आतून हसण्याचा आवाज. ही हसते तवा तोंडावर पदर घेते, पण त्या दिवशी मोकळी हसत होती. मी आत पाय टाकला अन् दोघंही चूप. खिडकीजवळ बोर्डाची जागा आखली होती, ती खोडून दोन हात पलीकडं आखली होती. मी म्हटलं, "हे काहून सरकवलं? पहिली जागा चांगली होती."

त्यानं तिच्याकडं पाह्यलं, तिनं त्याच्याकडं. अन् दोघाईले पुन्हा हसू फुटलं.

"काही नाही जवाईबापू," तो म्हणे, "मालकिणीचा हुकूम."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. माह्या घरात, माह्याच भिंतीसमोर दोघं मिळून हसतात अन् मले सांगत नाहीत. मी चप्पल घातली अन् परत डेपोत जाऊन बसलो. तिथं बसून मनाशीच भांडलो. अबे, चाळिशी उलटली दोघाईची. त्याले बायको हाय, पोरं हायेत. तुले काय झालं? पण कावीळ झाली का जग पिवळं दिसते, तिथं कोणाचं काय चालते.

त्याईची एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी. काम चालू असताना ती पिठाच्या डब्यावर राहे. प्रत्येक भिंत एका पानावर काढलेली, कुठून पाइप गेला, चौकटीपासून किती, जमिनीपासून किती. मी एकदाच दुरून पाह्यली. आकडे त्याचे, अक्षर तिचं. एका पानावर दोघाईचा हात. बस, मंग मी त्या वहीकडं पाह्यलं नाही. मले वाटे, पाह्यली तर जे पाहाचं नाही तेच दिसन.

शेवटी मेन बोर्डात त्यानं एक जास्तीचं डबडं बसवलं. मी म्हटलं, "हे कायले? फ्यूज हाय ना?" तो समजावून सांगाले लागला, का करंट कुठी गळला, माणसाच्या अंगातून जाऊ लागला, का हे पापणी लवाच्या आत सारी लाइन पाडते. मी म्हटलं, "आमच्या घरात अर्धं आयुष्य गेलं, कोणी मेलं नाही." बायको मधातच म्हणे, "मी मराची राह्यली होती. बसव तू." बसवलं त्यानं.

गिलावा झाला, रंग झाला. घर असं दिसाले लागलं का मलेच आत जाताना पाय पुसावा वाटे. एक वायर दिसत नव्हती. मी लगेच हातोडा काढला, तर तिनं हातातून हिसकून घेतला. "आता वही पाहूनच खिळा ठोकाचा. मले विचाराचं, मी जागा दाखवीन."

माह्याच घरात खिळा ठोकाले मी त्याची वही पाहू? मी म्हटलं, "मले टांगाचंच नाही काही." अन् पंधरा दिवस तिकिटाची बॅग खुर्चीवर ठेवली, शर्ट दारावर. कोण जास्त आडमुठं, हे तिले दाखवत होतो. तिनं एक दिवस छत्री खुर्चीवरून उचलून कोपऱ्यात उभी केली, एवढंच.

मंग सत्यनारायण ठरला. तिच्या माहेरचे येणार होते, अन् अर्थातच तोही. बायकोसंग येणार होता, पण ते माह्या डोक्यात शिरलंच नाही. माह्या डोक्यात एकच. तो समोरच्या खोलीत दिवाणावर बसन, पाय पसरून, आपल्या कामाकडं पाहत, अन् सारे म्हणतीन वा वा. त्याच्या डोळ्यासमोर असं काहीतरी पाहिजे का त्याले समजलं पाहिजे हे घर कोणाचं, ही बाई कोणाची.

अन् मले सुचलं. लग्नाचा फोटो! आमचा तो मोठा फोटो लग्नापासून लोखंडी पेटीत होता, साड्याच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कधी लावला नव्हता. तिनं पहिल्या वर्सी दोनदा म्हटलं होतं, लावा ना. मी म्हटलं होतं, लावू. मंग तिनं म्हटलं नाही अन् मी लावला नाही. सत्यनारायणाच्या दिवशी सकाउन ती पूजेच्या खोलीत चौरंग मांडून राह्यली होती, तवा मी पेटी उघडली. फोटोत ती एवढीशी, नाकात नथ, डोळे खाली. मी नुसता हाडाचा सापळा, पण छाती काढून उभा.

दिवाणासमोरची भिंत पाह्यली. बरोबर मधात नवा बोर्ड, अन् त्याच्या वरची सारी जागा मोकळी. आहा! तिथंच. बोर्डाच्या वर एक हात, दिवाणावर बसलेल्या माणसाच्या नाकासमोर. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. चपला बाहेर. मी उघड्या पायानं फरशीवरच उभा राह्यलो, स्टूल घेतला नाही, हात पोचत होता. डाव्या हातात खिळा धरला, उजव्यानं हातोडा. पहिला घाव, गिलावा. दुसरा घाव, खिळा मऊ गेला. मले बरंच वाटलं. तिसरा हाणला.

बोटापासून खांद्यापर्यंत कोणी लाकडानं हाणल्यासारखं झालं. हातोडा पडला. अन् त्याच वक्ताले घरातले सारे पंखे थांबले, फ्रिज गुरगुरून बंद पडला, साऱ्या घराची लाइन गेली. मी ओल्या फरशीवर उभा, खिळा भिंतीत. पण उभा होतो. मेनजवळच्या त्या डबड्याचं बटण खाली पडलं होतं.

ती धावत आली. हळदीचे हात. मले पाह्यलं, खिळा पाह्यला, बोर्ड पाह्यला.

"आवं माय! बोर्डाच्या डोक्यावर? रोज सांगत होती ना मी? रोज ताटावर सांगत होती! बहिरे होते का?" ती ओरडली, अन् ओरडता ओरडता माहा हात दोन्ही हातात धरून दाबाले लागली, दाबता दाबता रडाले लागली. "त्या मिक्सरच्या दिवशी मी गेली असती, आज तुमी. काय, ठरवलंच हाय का?"

मंग तिले भिंतीले टेकवलेला फोटो दिसला. तिनं माहा हात सोडला. आत गेली, वही घेऊन आली, माह्या मांडीवर टाकली अन् त्याले फोन लावाले गेली.

पंखा बंद, घामानं भिजलो होतो, अन् पहिल्यांदा ती वही उघडली. पान पहिलं. तिचं अक्षर.

'दाराच्या डाव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर: यांची तिकिटाची बॅग. इथून पाइप नको.'

खाली: 'खिडकीजवळ यांची छत्री. बोर्ड दोन हात पलीकडे.' हेच ते हसणं होतं. माह्या छत्रीवरून हसले होते दोघं.

'कॅलेंडर. जुना खिळा चालत नाही, दर वर्षी नवा ठोकतात. सगळीकडून एक हात मोकळं.'

'सासऱ्यांचा फोटो. दर पितृपक्षात थोडा उंच करतात. वरपर्यंत काहीच नको.'

'आतली खोली. यांचा खाकी शर्ट. पावसात ओलाच टांगतात. जवळपास वायर नको म्हणजे नको.'

'पलंगाच्या डोक्याशी बोर्ड नको. हे झोपेत हात वर टाकतात.'

पानामागून पान, सारीकडं हे, यांचं, यांना. त्याच्या अक्षरात एका जागी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'एवढे खिळे कायले लागते माणसाले?' अन् त्याच्या खाली तिचं, 'सवय आहे. ती बदलणार नाही. तू भिंत बदल.'

मी दोनदा वाचलं. तीन हप्ते ती त्याच्यासंग माह्याच गोष्टी बोलत होती, अन् मी ओळंबा घेऊन तिची चूक शोधत होतो. त्याची म्हणून शोधत होतो, पण तिचीच शोधत होतो. मंग मी वही पुन्हा पहिल्यापासून चाळली. लग्नाचा फोटो शोधला. कुठंच नव्हता. मी कुठी खिळा ठोकीन ते सारं तिले माहीत होतं. तो फोटो मी कधीतरी लावीन, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. माह्या छत्रीले जागा होती, ह्याले नव्हती. अन् चूक तिची नव्हती.

तो बायकोसंग आला तो नारळ हातातच घेऊन बोर्डाकडं गेला. आधी मले म्हणे, "लागलं तर नाई ना जवाईबापू?" त्यानं त्या खोलीचं बटण पाडलं, बाकीचं घर चालू केलं, खिळा उपटला, वीतभर गिलावा फोडला, पाइपाचा फुटका तुकडा बदलून फुटकी वायर ओढून काढली अन् नवी त्याच पाइपातून सारली. गुरुजी येईपर्यंत पंखा फिरत होता. हात पुसत म्हणे, "हा खिळा कोणाच्याच यादीत नव्हता." मंग फोटोकडं पाह्यलं. "चांगला हाय फोटो. काहून लावला नाही आतापर्यंत?"

मी ताटं मांडाले घेतली. त्याच्या ताटात मीच पातोडी वाढली, दोनदा.

सांजच्याले सारे गेल्यावर ती फोटोवरची धूळ पदरानं पुसत बसली होती. माह्याकडं न पाहता विचारलं, "हा त्याले दिसावा म्हणून लावत होते, का माह्यासाठी?"

खोटं बोलाची सोय होती. पण माहा खांदा अजून दुखत होता. मी म्हटलं, "त्याले दिसावा म्हणून."

"मंग नोका लावू," ती म्हणे. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला अन् साड्याच्या खाली ठेवून पेटी लावली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

वर्स झालं. आता मी वही पाहून खिळा ठोकतो. बॅग बॅगेच्या जागी, छत्री छत्रीच्या जागी, इंच इकडं तिकडं होत नाही. बोर्डाच्या वर वीतभर रंग जरा वेगळा दिसते, ड्युटीवर जाताना रोज दिसते. वहीच्या शेवटच्या पानावर मी माह्या अक्षरात लिहून ठेवलं, 'लग्नाचा फोटो', अन् चौकटीपासून किती, जमिनीपासून किती, ते रिकामं सोडलं. ते तिनं भराचं हाय. पेन वहीतच ठेवला. मी रोज उघडून पाह्यतो. अजून रिकामंच हाय.